विमान बदलताना : सामान आणि बोर्डिंग पास

आगगाडीने जाणाऱ्या मनुष्यास मनमाड किंवा भुसावळ येथे गाडी बदलावयाची असली म्हणजे त्याचे काम कष्टाचे असते, परंतु कोड्यात टाकणारे नसते. ट्रंका हमालाच्या डोक्यावर असतात, हमाल डोळ्यांसमोर असतो आणि मालक व माल बरोबरच एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जातात. विमानाच्या प्रवासात मात्र घरातून निघालेली ही जोडी पहिल्याच विमानतळावर फुटते. काट्यावर ठेवलेली बॅग सरकत्या पट्ट्यावरून भिंतीआड जाते आणि ती पुन्हा दृष्टीस पडावयाची ती कदाचित दोन खंड ओलांडल्यावर. मधल्या काळात मालक कोठे आणि बॅग कोठे याचा मेळ घालणारे दोनच कागद असतात : एक प्रवाशाच्या हातातील बोर्डिंग पास आणि दुसरा बॅगेच्या मुठीस गुंडाळलेला टॅग. हे दोन कागद ज्यास वाचता येतात त्याचा प्रवास सुखाचा होतो.

मुलगा अगर मुलगी परदेशी स्थायिक झाल्यामुळे साठी उलटल्यावर प्रथमच सातासमुद्रापार निघालेली दांपत्ये आज महाराष्ट्रातील शहरोशहरी आढळतात. व्हिसाची चिंता मिटते, बॅगा भरून होतात, आणि मग निघण्याच्या आदल्या रात्री एक प्रश्न हमखास निघतो : ‘मध्ये विमान बदलताना सामान काढून घ्यावयाचे की ते आपोआप पुढे जाते?’ शेजारी एक सांगतात, व्याही दुसरेच सांगतात, आणि दोघेही आपापल्या अनुभवापुरते खरेच सांगत असतात. कारण या प्रश्नाचे उत्तर सर्वांस एकच नाही. ते तीन गोष्टींवर अवलंबून असते : तिकीट एक आहे की दोन, टॅगवर शेवटचे गाव कोणते छापले आहे, आणि मधल्या देशाचा जकातीचा कायदा काय म्हणतो.

प्रथम तिकिटाचा विचार करू जाता असे दिसते की, संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असला, तर तो कायद्याच्या दृष्टीने एकच करार होतो. वाटेत विमाने दोन असोत वा तीन, कंपन्याही निरनिराळ्या असोत. सामान शेवटच्या गावापर्यंत नेण्याची हमी त्यात सामान्यतः असते, आणि पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले तर दुसऱ्या विमानात जागा करून देण्याचे काम कंपनीकडे येते. परंतु पैसे वाचविण्यासाठी कोणी मुंबई ते दुबई एक तिकीट आणि दुबई ते लंडन दुसरे अशी खरेदी केली, म्हणजे ते दोन वेगळे करार झाले. अशा वेळी बॅग बहुधा दुबईसच बाहेर येते. ती घेण्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो, म्हणजेच तेथला व्हिसा लागतो. मग दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा वजन करून सामान द्यावयाचे. तेथे वजनाची मर्यादा कमी असली तर वरचे पैसेही भरावयाचे. पहिल्या विमानास उशीर झाला आणि दुसरे निघून गेले, तर त्याची जबाबदारी कोणावरच नाही. काही कंपन्या वेगवेगळ्या तिकिटांवरही सामान पुढे पाठवितात, पण तो मेहेरबानीचा भाग होय, हक्काचा नव्हे. वृद्ध मातापित्यांसाठी तिकीट काढणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेविले, तरी पुष्कळ मनस्ताप टळेल.

आता टॅगकडे वळावे. त्यावर ठळक अक्षरांत जो तीन अक्षरांचा संकेत असतो, तो बॅगेच्या शेवटच्या मुक्कामाचा. मुंबईचा संकेत बी-ओ-एम असा आहे. 1995 साली शहराचे अधिकृत नाव ‘मुंबई’ झाले तरी जुन्या इंग्रजी नावाची ही खूण तशीच राहिली. शिकागोच्या मोठ्या विमानतळाचा संकेत ओ-आर-डी, कारण पूर्वी त्या जागेचे नाव ऑर्चर्ड फील्ड असे होते. संकेताखाली वाटेतील विमाने व थांबे छापलेले असतात, आणि बारीक-जाड रेघांसोबत दहा आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्यातील पहिला आकडा सोडला तर पुढचे तीन विमानकंपनीची ओळख सांगतात व उरलेले सहा त्या बॅगेचा अनुक्रम सांगतात. पट्ट्यांच्या जंजाळातून यंत्रे बॅगेला वाट दाखवितात ती याच क्रमांकावरून. मालकाचे नाव त्यांच्या हिशेबी दुय्यम असते. म्हणून मागील प्रवासाचे जुने टॅग व त्यांचे चिकट तुकडे घरीच काढून टाकावेत. नाहीतर यंत्राने जुनीच रेघ वाचली तर बॅग भलतीकडे जावयाची. त्याच क्रमांकाची छोटी पावती काउंटरवर प्रवाशास देतात किंवा पासाच्या पाठीवर चिकटवितात. हरवलेल्या बॅगेचा शोध त्या चिटोऱ्यावरूनच सुरू होतो, सबब ते अखेरपर्यंत जपावे.

बोर्डिंग पास हा प्रवाशाचा टॅग म्हणावयास हरकत नाही. प्रवासाचे टप्पे तीन असले तर पासही तीन, आणि एकाच तिकिटावर ते पहिल्याच काउंटरवर बहुधा मिळतात. त्यावर विमानाचा क्रमांक, आसन, दरवाजा म्हणजे गेट, आणि वेळ असते. येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली अशी की, विमान सुटण्याची वेळ हीच आत बसण्याची वेळ समजली जाते. वस्तुतः बसविण्यास बराच आधी प्रारंभ होतो आणि सुटण्यापूर्वी काही मिनिटे गेट बंदही होते. दुसरी चूक घड्याळाची. पासावरील वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते, मनगटावरील घड्याळ मात्र अजून मुंबईचेच असते. गेटचा आकडाही सुरुवातीस छापलेला नसतो किंवा मागाहून बदलतो; यास्तव उतरल्याबरोबर फलकावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा. पुढचे पास मिळालेले नसतील तर मधल्या विमानतळावर ‘ट्रान्स्फर’ अशी पाटी असलेल्या टेबलावर ते मिळतात. पास मोबाइलमध्ये असला तरी छापील प्रत जवळ असणे शहाणपणाचे, कारण मोबाइलची बॅटरी दहा-पंधरा तासांत मान टाकते. आणि हौसेने पासाचे छायाचित्र सर्वांस दाखविण्याची जी चाल पडली आहे ती धोक्याची होय. नाव आणि आरक्षणाचा संकेत एवढ्यावर परक्या माणसास ते आरक्षण उघडता येते.

हे सर्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुण्याचे एक दांपत्य मुलीकडे अमेरिकेतील ओमाहा शहरी निघाले आहे असे समजावे. तिकीट एकच, मार्ग मुंबई, फ्रँकफुर्ट, शिकागो, ओमाहा. मुंबईस दोघांच्या हाती तीन-तीन पास पडतात आणि बॅगांवर ओमाहाचा टॅग लागतो. फ्रँकफुर्टला उतरल्यावर जी गर्दी ‘बॅगेज’ या पाटीकडे वळते तिच्यामागे त्यांनी जावयाचे नाही. ती मंडळी जर्मनीतच राहणारी. त्यांनी ‘कनेक्टिंग फ्लाइट्स’ किंवा ‘ट्रान्झिट’ ही पाटी धरावयाची. बॅगा तेथील भुयारी पट्ट्यांवरून परस्पर पुढच्या विमानाकडे जातात. हातातील सामानाची तपासणी मात्र पुन्हा होते, म्हणून मुंबईस भरलेली पाण्याची बाटली तेथे टाकून द्यावी लागण्याचा संभव असतो.

शिकागोस मात्र नियम बदलतो. अमेरिकेच्या भूमीवर प्रवासी जेथे प्रथम उतरतो तेथेच त्याच्या मालाची जकात-तपासणी व्हावयाची, असा तेथील कायदा आहे; कारण पुढचे विमान देशांतर्गत, आणि ओमाहास परदेशाहून आलेला म्हणून त्याला कोणी अडविणार नाही. तेव्हा टॅगवर ओमाहा असले तरी पासपोर्टची तपासणी झाल्यावर बॅगा बेल्टवरून उतरवून घ्यावयाच्या, जकातीच्या दारातून न्यावयाच्या आणि बाहेर पडताच पुढील विमानासाठी सामान घेणाऱ्या ठिकाणी पुन्हा सोपवावयाच्या. टॅग तोच चालतो. लोणचे, मसाले, फळे काय असेल ते विचारल्यावर खरे सांगावे. लपविल्यास दंड होतो. वाटेत विमानतळावर घेतलेली अत्तराची मोठी बाटली याच वेळी बॅगेत सरकवावी, कारण यानंतर हातसामानाची पुन्हा एकदा तपासणी असते आणि बाटली तेथे अडते. ज्यांना ठाऊक नसते ते ‘बॅगा थेट ओमाहास जाणार’ या समजुतीने पुढे निघून जातात, आणि त्यांच्या बॅगा शिकागोच्या बेल्टवर गोल फिरत राहतात.

याला काही अपवाद आहेत. अबूधाबी, डब्लिन अशा मोजक्या विमानतळांवर अमेरिकेचे अधिकारी स्वतः बसून ही सर्व तपासणी आधीच करतात, म्हणून तेथून जाणाऱ्यास अमेरिकेत सामान काढावे लागत नाही. आणखी काही थोड्या मार्गांवर अशीच सवलत अलीकडे सुरू झाली आहे. परत येताना चित्र उलटे होते : ओमाहास दिलेली बॅग शिकागो व फ्रँकफुर्ट येथे न दिसता मुंबईस येते. परंतु तेथून नागपूरचे विमान घ्यावयाचे असल्यास, हिंदुस्थानची जकात पहिल्याच बंदरी असल्यामुळे, मुंबईस बॅग काढून पुन्हा द्यावी लागते. तत्त्व एकच, देश बदलला म्हणून ते बदलत नाही.

मालक आणि माल यांची गाठ इतकी कसोशीने का पाहिली जाते, यामागे एक दुःखद इतिहास आहे. 22 जून 1985 रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका इसमाने आपली सुटकेस टोरांटोमार्गे एअर इंडियाच्या विमानावर परस्पर चढविण्याचा आग्रह धरला. पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, तरी काउंटरवर ती बॅग स्वीकारली गेली. बॅग गेली, इसम विमानात बसलाच नाही. दुसऱ्या दिवशी, 23 जून रोजी, ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक स्फोटाने समुद्रात कोसळले आणि 329 माणसे प्राणास मुकली. त्याच दिवशी व्हँकूव्हरहूनच निघालेली दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या विमानात चढविण्यापूर्वी फुटली व सामान वाहणारे दोघे कामगार ठार झाले. 1988 साली स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर जे विमान कोसळले, त्यातही बॉम्ब असलेली बॅग मालकाविना विमान बदलून आली होती. या घटनांनंतर आंतरराष्ट्रीय विमानात मालकाविना बॅग न नेण्याचा नियम कडक झाला. गेटवर प्रवासी आला नाही तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून उतरविली जाते आणि तोवर शेकडो प्रवासी खोळंबतात, ते यासाठी.

यातच घरोघरी लागू पडणारा एक बोध आहे. निघण्याच्या दिवशी कोणी ओळखीचे गृहस्थ येतात आणि ‘काकू, एवढी पिशवी आमच्या सुमीला द्या, जागा लागणार नाही,’ म्हणून बांधलेले पुडके हाती देतात. भिडेस्तव ते घेतले जाते. परंतु टॅगवर नाव काकूंचे आहे, आणि आत काय आहे याचे उत्तर त्यांनाच द्यावयाचे आहे. पुडके उघडून, पाहून, मगच आपल्या हाताने भरावे. नाहीतर नम्रपणे नाही म्हणावे. त्यात अपमान कोणाचाच नाही.

बॅग चुकली तर काय? 2024 साली जगभर दर हजार प्रवाशांमागे सुमारे सहा बॅगा उशिरा आल्या, मोडल्या वा हरवल्या, आणि उशिराचे सर्वांत मोठे कारण विमानांची अदलाबदल हेच होते. फ्रँकफुर्टला किमान 45 मिनिटांत बदल होऊ शकतो असे मानतात. तथापि प्रवासी धावू शकतो, बॅग धावू शकत नाही. दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे दोघांच्याही हिताचे. रोजची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, दागिने, कागदपत्रे आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेतच असावेत. पॉवर बँकही हातातच. आयत्या वेळी गेटवर हातातली बॅग काढून खाली टाकावयास घेतली, तर ती आणि औषधे आधी काढून घ्यावीत.

बेल्ट थांबला आणि बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच शेवटच्या विमानकंपनीच्या सामानविषयक टेबलावर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. 1999 च्या माँट्रियल करारात हिंदुस्थान 2009 साली सामील झाला. त्यान्वये मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करावी लागते. एकवीस दिवसांत बॅग न आल्यास ती हरवली असे धरून हक्क सांगता येतो, आणि दाव्यास मुदत दोन वर्षांची. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून दर प्रवाशास 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे परिमाण होय. अडचणीत घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या ठेवल्या, तरच हा हक्क उपयोगी पडतो.

एवढे सारे ध्यानात न राहिले तरी चालेल. पहिल्या काउंटरवरून हलण्यापूर्वी तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत : ‘बॅगेवर शेवटचे गाव कोणते आहे? मध्ये ती कोठे काढून घ्यावयाची? पुढचे सर्व पास मिळाले काय?’ उत्तरे ऐकून टॅग स्वतः वाचावा, पावती पासाबरोबर ठेवावी, आणि मग निश्चिंत मनाने पुढे व्हावे. मागे रांग खोळंबते म्हणून लाजण्याचे कारण नाही. या अर्ध्या मिनिटाची किंमत ओमाहास दार उघडून वाट पाहणाऱ्या मुलीस विचारावी.