न्यूट्रॉन प्रोबने मोजलेली ओल आणि काळ्या जमिनीतील चुका

सुरत जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तापीवरील काक्रापार बंधारा (१९५४) व उकाई धरण (१९७२) यांमुळे कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि काही भागांत जमीन पाणथळ व खारवट होण्याचा प्रश्नही उभा राहिला. मराठी शेतकऱ्याचा 'वाफसा' किंवा गुजराती शेतकऱ्याचा 'वराप' हाताला कळतो. पण मीटरभर खाली किती ओल आहे, ते हाताला कळत नाही. त्यासाठी जी साधने वापरात आली, त्यांत न्यूट्रॉन प्रोबचे स्थान महत्त्वाचे आहे. गार्डनर व किर्कहॅम यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली.

प्रथम एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनात पक्की करावी. हे यंत्र पाणी मोजत नाही. जमिनीत उभ्या बसवलेल्या नळीतून अमेरिशियम व बेरिलियम यांचा स्रोत खाली सोडतात. त्यातून वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आदळली की आपला वेग तिला देऊन टाकते. मोठ्या दगडावर आदळली तर तशीच उसळते. हायड्रोजनचा अणुगर्भ जवळपास न्यूट्रॉनइतकाच जड असल्याने सरासरी १८ टकरींत न्यूट्रॉन मंदावतो, ऑक्सिजनशी मात्र सुमारे १५० टकरी लागतात. यंत्र मोजते ते परत आलेले मंद न्यूट्रॉन. 'हायड्रोजन म्हणजे पाणी' हे आपले गृहीतक आहे आणि बऱ्याचशा चुकांचे मूळ तेथेच आहे.

सेंद्रिय पदार्थांत हायड्रोजन असतो. चिकणमातीच्या खनिजांत तो इतका घट्ट बांधलेला असतो की पिकाला त्याचा काही उपयोग नाही, तरी यंत्राच्या लेखी तो ओलच. उलट क्लोरिन व बोरॉन मंद न्यूट्रॉन शोषून घेतात. म्हणून ओलपाडकडील किनारपट्टीच्या खारवट जमिनीत ओल प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. पीव्हीसीच्या नळीतही क्लोरिन असतो. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या नळीसाठी तयार केलेले सूत्र पीव्हीसीला लावणे चुकीचे.

आपल्या भागात सर्वांत जास्त फसवते ती भेग. नळी बसवताना भोक सैल झाले किंवा माती आकसून नळीपासून सुटली, की मध्ये हवा राहते आणि आकडा घसरतो. त्याच फटीतून सिंचनाचे पाणी खाली उतरले, की आकडा फुगतो. पाणी सबंध शेतात मुरलेले नसते, नळीभोवतीच साचलेले असते. यंत्र बिचारे दोन्ही वेळा आपले काम चोखच करत असते!

यंत्राचा आकडा व प्रत्यक्ष ओल यांचा मेळ घालणे, म्हणजे कॅलिब्रेशन, प्रत्येक जमिनीसाठी वेगळे करावे लागते. नळीजवळची माती काढून १०५ अंश सेल्सिअसला वाळवतात व वजनातील घट पाहतात. ही ओल वजनाच्या टक्केवारीत येते. आकारमानाच्या टक्केवारीसाठी तिला मातीच्या पोकळ्यांसह धरलेल्या घनतेने गुणावे लागते. समजा, वजनी ओल २५ टक्के आहे. घनता १.२ धरली तर उत्तर ३० टक्के येते, १.४ धरली तर ३५. फुगणाऱ्या जमिनीत ही घनता ओलीबरोबर बदलते. ती एकदाच मोजून वर्षभर वापरली, तर चूक कॅलिब्रेशनमध्येच शिरते व पुढच्या प्रत्येक नोंदीत राहते.

मोजणीची स्वतःची चूक त्यामानाने लहान असते. न्यूट्रॉन स्वैरपणे येतात, म्हणून १०,००० मोजले तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० किंवा १ टक्का. जास्त वेळ मोजले की तो कमी होतो. भेगेची चूक मात्र तासभर मोजूनही तशीच राहते.

शिवाय ही मोजणी एका बिंदूची नसते. ओल्या मातीत सुमारे २० सेंटिमीटर, कोरड्या मातीत ३० किंवा अधिक सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा मोजला जातो. पृष्ठभागाजवळ त्यातले न्यूट्रॉन हवेत निसटतात. त्यामुळे वरच्या १५-२० सेंटिमीटरचा आकडा भरवशाचा नाही; तेथे माती खणून वाळवणेच बरे.

वर्गात एक गणित जरूर द्यावे. ओलीत २ टक्क्यांची चूक, खोली १ मीटर: म्हणजे २० मिलिमीटर पाणी. एका हेक्टरला ते २०० घनमीटर, अर्थात २ लाख लिटर होते. ओल तेवढी कमी दाखवली गेली, तर एवढे पाणी दर पाळीला जादा दिले जाईल, आणि तेही आधीच पाणथळ होऊ लागलेल्या जमिनीला.