स्नायूतली चरबी: खेळाडूची आणि मधुमेहीची

मांडीच्या स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जाड सुईने काढतात, त्याचा पातळ काप काचपट्टीवर घेतात आणि चरबीला लाल रंग देणारं द्रव्य त्यावर सोडतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की स्नायूच्या तंतूंत लाल ठिपके दिसू लागतात. ठिपके जितके दाट, तितकी चरबी जास्त. 2001 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ब्रेट गुडपास्टर, डेव्हिड केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नमुने तपासले. टाइप 2 मधुमेह असलेल्या लठ्ठ लोकांच्या स्नायूंत चरबी भरपूर निघाली. ते अपेक्षितच होतं. पण लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या काटक खेळाडूंच्या स्नायूंतही ती तितकीच भरपूर होती! आणि इन्शुलिनला सर्वात चांगला प्रतिसाद याच खेळाडूंचे स्नायू देत होते. याला ‘खेळाडूंचा विरोधाभास’ म्हणतात.

तो उलगडायचा तर स्नायूचा रोजचा कारभार पाहावा लागेल. स्नायूकडे दोन इंधनं असतात. एक ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्यांचा साठा, आणि दुसरं चरबी. एक ग्रॅम ग्लायकोजेनमधून सुमारे 4 किलोकॅलरी मिळतात आणि ते साठवताना सोबत जवळपास तीन ग्रॅम पाणीही बाळगावं लागतं. एक ग्रॅम चरबी कोरडीच राहते आणि 9 किलोकॅलरी देते. रात्रभराच्या उपासानंतर निवांत बसलेला स्नायू मुख्यतः चरबीच जाळतो. जेवण झालं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं ग्लुकोज स्नायूत शिरतं आणि स्नायू चरबी बाजूला ठेवून ग्लुकोज वापरू लागतो. निरोगी स्नायू ही अदलाबदल सहज करतो. मधुमेहीचा स्नायू मात्र अडखळतो. उपाशीपोटी तो पुरेशी चरबी जाळत नाही आणि जेवणानंतर पुरेसं ग्लुकोज घेत नाही.

आता चालायला लागू या. ॲड्रेनालिन वाढतं आणि शरीरभरच्या मेदपेशींतून स्निग्धाम्लं रक्तात सुटतात. ॲड्रेनालिन रक्तातून सगळीकडे फिरत असल्यामुळे पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी उतरत नाही. स्नायूत पोचलेली स्निग्धाम्लं पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकाँड्रियात जातात. तिथे त्यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. दहा किलो चरबी पूर्ण जळली, तर त्यातली 8.4 किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि उरलेल्याचं पाणी होतं. चरबीचा स्नायू कधीच होत नाही.

रमतगमत चालताना जळणारी चरबी बहुतेक रक्तातून आलेली असते. वेग वाढवला, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला, की स्नायू स्वतःजवळचे चरबीचे थेंबही फोडू लागतो. सराव असलेल्या सायकलपटूंमध्ये दर मिनिटाला जळणारी चरबी याच सुमाराला सर्वाधिक असते. त्याहून जोर लावला, तर घाईच्या कामाला ग्लायकोजेन बरं पडतं आणि चरबीचा वाटा घसरतो.

व्यायाम संपल्यावर रिकामे झालेले थेंब पुन्हा भरले जातात. आठवड्यांमागून आठवडे हे चालू राहिलं की स्नायूची घडणच बदलते. 1967 साली जॉन होलॉझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे पट्ट्यावर धावायला लावलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली. माणसातही सरावाने मायटोकाँड्रिया वाढतात. चरबीचे थेंब लहान होतात आणि त्यांना खेटून बसतात. हवं तेव्हा इंधन भट्टीत टाकता यावं, अशी ही मांडणी असते.

बैठ्या मधुमेहीच्या स्नायूत थेंब बहुधा मोठे असतात आणि तंतूच्या कडेला, आवरणाखाली जमतात. आवक चालू राहते, उचल मात्र होत नाही. अशा वेळी डायग्लिसराइड आणि सेरामाइड यांसारखी अर्धवट उत्पादनं साठतात आणि इन्शुलिनचा निरोप पेशीत पोचू देत नाहीत, असा संशोधकांचा कयास आहे. कोठीतलं धान्य रोज निघत आणि भरत असेल तर कोठी मोठी असणं हे सुबत्तेचं लक्षण. पडून राहिलेल्या धान्याला मात्र कीड लागते.

आपल्यासाठी यात आणखी एक मुद्दा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. म्हणून चालण्याच्या जोडीला वजनं उचलणं, उठाबशा काढणं यालाही महत्त्व आहे. जेवणानंतर येणाऱ्या ग्लुकोजला जागा देणारं मोठं कोठार स्नायूच आहे.

आकुंचन पावणारा स्नायू ग्लुकोजची दारं इन्शुलिनच्या मदतीशिवायही उघडतो. जेवणानंतरच्या शतपावलीचा फायदा असा थेट होतो, मात्र शंभर पावलांवर थांबू नये. दहा-पंधरा मिनिटं चालावं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. एका व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा वाढीव प्रतिसाद एक-दोन दिवसच टिकतो. त्यामुळे रविवारी तीन तास घाम गाळून आठवडाभर बसून राहण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा पडू देऊ नये.