डग्ग्याच्या जोरावर सॅक्सोफोन

थेट मैफलीतून उचललेल्या सॅक्सोफोनच्या ध्वनिमुद्रिका ढीगभर आहेत. त्यातली एकच ठेवा म्हटलं, तर मी चार्ल्स लॉइडची ‘संगम’ ठेवीन. २३ मे २००४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या लोबेरो थिएटरात ही मैफल झाली आणि २००६ मध्ये ईसीएम कंपनीने ती बाजारात आणली. सॅक्सोफोनवर लॉइड, ड्रम्सवर एरिक हार्लंड आणि तबल्यावर आपले माहीमचे झाकीर हुसेन. लॉइडचा जिवलग ड्रमवादक बिली हिगिन्स २००१ मध्ये गेला, त्याच्या आठवणीसाठी हा घाट घातला होता.

सॅक्सोफोनचा इतिहास थोडक्यात उरकतो. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. मुंबईत ताजमहाल हॉटेलातल्या बँडांनी आणि गोव्याच्या वादकांनी जॅझ रुजवला. १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली, तिथे सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. हाच रॉलिन्स त्याआधी साठच्या दशकात पवईच्या आश्रमात वेदान्त शिकायला राहिला होता, ही मला त्याच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठी बातमी वाटते.

आमच्या इंदुरी गावात मात्र सॅक्सोफोन म्हणजे वरातीचा बँड. बँडवाला मिरवणूक निघण्याआधी रीड तोंडात धरून भिजवत बसतो. ही पातळ पट्टी कोरडी राहिली तर सूर फाटतो. सगळं अंग पितळेचं असूनही हे वाद्य बासरी-सनईच्या गोतातलं मानतात, ते या पट्टीपायी. लॉइडचा टेनर सॅक्सोफोन ऐकताना ती पट्टी जाणवते. त्याचा सूर भरघोस नाही. त्यात श्वास ऐकू येतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर तो मींड घेतल्यासारखा घसरत जातो. वरातीत असं वाजवलं तर बिदागी मिळायची नाही.

पण ‘संगम’ ऐकायची ती खालून वर, डग्ग्यापासून. या मैफलीत बेस वाजवणारा कुणी नाही. लॉइड आणि हार्लंड अधूनमधून पियानोकडे वळतात खरे, पण सतत साथ करणारा पियानोवादकही नाही. एरवी जॅझमध्ये बेस वाट आखतो, पियानो स्वरसंगती पुरवतो आणि सॅक्सोफोन त्या चौकटीत फिरतो. इथे चौकटच काढून टाकली आहे. मग खालचा भार कुणी पेलायचा? झाकीरभाईंच्या डाव्या हाताने. दायां एका स्वरात पक्का लावलेला. डग्ग्यावर मात्र तळव्याची मनगटाकडची कड दाबत पुढे सरकवली, की तोच घुमारा चढत जातो. तबलजी याला घिस्सा म्हणतात. त्या चढउतारातून झाकीरभाई चक्क चालीचा भास उभा करतात आणि लॉइड तिच्यावर निवांत रेंगाळतो. तो थांबला की ते लगेच जागा भरत नाहीत; थोडं थांबून, त्याच्याच वाक्याची शेपटी उचलून उत्तर देतात. हार्लंडही शहाणा. डग्ग्याला खालची जागा मोकळी ठेवून तो बराच वेळ वर झांजांवर राहतो.

म्हणूनच जॅझ आपल्याला कळत नाही म्हणणाऱ्या भजनकऱ्यांना मी हीच ध्वनिमुद्रिका ऐकवतो. भंडारा डोंगराच्या सावलीत पखवाज ऐकत वाढलेल्या कानाला डाव्या पुडीचं महत्त्व सांगावं लागत नाही. तिच्यावर कणीक किती थापायची यावरून इथे वाद झडतात! एका बुवांनी सम शोधत बोटांवर मात्रा मोजायला घेतल्या. मी म्हटलं, “बुवा, मोजू नका, डावा हात ऐका.” पुढे ‘गुमान’ या रचनेत झाकीरभाई स्वतः गायला लागले, तेव्हा बुवांनी मांडी बदलली आणि आवाज वाढवायला सांगितला.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हे ऐकू नका. डग्गा गायब होतो आणि उरते नुसती टकटक.

२०२० मध्ये करोनाच्या काळात लॉइड आणि झाकीरभाई गिटारवादक ज्युलियन लाजला घेऊन पुन्हा एकत्र आले. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका ‘सेक्रेड थ्रेड’ २०२२ मध्ये आली. वादन देखणं आहे, तरी मला ती जरा सोवळ्यातली वाटते. समोर श्रोतेच नव्हते. ‘संगम’मध्ये टाळ्या पडतात, दाद मिळते आणि तिघेही त्या दादेला चढून वाजवतात. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले, त्यामुळे या जोडीची नवी मैफल आता होणे नाही.