बटणांच्या फोनातला ब्राउझर

जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला तेव्हा सगळी चर्चा दीड हजाराच्या अनामतीची होती. तीन वर्षांनी फोन द्या, पैसे घ्या! २.४ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम आणि खाली बटणं असलेला हा डबा आत कशावर चालतो, याची चौकशी फारशी कुणी केली नाही. तो चालत होता कायओएस नावाच्या प्रणालीवर.

कायओएसचं मूळ फायरफॉक्सवाल्या मोझिलात आहे. वेबच्याच भाषांत फोनची सगळी प्रणाली लिहायची, हे काम तिथे २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यातून फायरफॉक्स ओएस आली. भारतात २०१४ मध्ये इंटेक्सने तिच्यावरचा टचस्क्रीन फोन १,९९९ रुपयांना आणला. पण टचस्क्रीन म्हटलं की अँड्रॉइडशी तुलना आली, आणि तिथे तिचा निभाव लागणं कठीणच होतं. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनमधून अंग काढून घेतलं. कोड मात्र खुला होता. कायओएसवाल्यांनी तो उचलला आणि बटणांच्या फोनांसाठी घडवला. त्यांचा खरा शहाणपणा यातच, असं मला वाटतं.

कायओएसच्या तळाशी लिनक्स, त्यावर फायरफॉक्सचं गेको हे इंजिन, आणि वर दिसतं ते सगळं एचटीएमएल नि जावास्क्रिप्ट. नंबर फिरवायचा पडदासुद्धा एक वेबपानच. त्यामुळे वेबसाइट बनवणाऱ्याला ॲपसाठी नवी भाषा शिकावी लागत नाही. सवयी मात्र मोडाव्या लागतात. इथे बोट हवं तिथे टेकवता येत नाही. बाणांच्या बटणांनी एकेक ओळ सरकायचं, आणि डावं, मधलं, उजवं बटण या घडीला काय करेल ते पडद्याच्या तळाशी लिहिलेलं वाचायचं. निवड नेमकी कुठे आहे हे ठळक दाखवलं नाही, तर माणूस तिथेच अडकतो. टचस्क्रीनवर हात बसलेल्यांनी केलेली कितीतरी ॲप्स याच ठिकाणी फसली.

डिसेंबर २०१७ मध्ये जिओफोनवर गुगल असिस्टंट आला, हिंदी आणि इंग्रजीत. बारीक बटणांवर टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं, हे त्यामागचं साधं गणित. २०१८ मध्ये गुगलने कायओएसच्या कंपनीत २.२ कोटी डॉलर गुंतवले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात व्हॉट्सॲप आलं. हा फोन घ्यायला तेवढं एक कारण पुष्कळांना पुरेसं होतं.

मग इंजिन जुनं झालं. कायओएस २.५ मधलं गेको २०१६ सालचं. वेब पुढे गेलं, ते तिथेच राहिलं. तिसऱ्या आवृत्तीत नवं गेको आलं, पण आधी विकलेल्या हँडसेटना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲप कायओएसच्या ॲप-दुकानातून काढलं गेलं. घरच्या कुणासाठी असा फोन घेणार असाल, तर तो फक्त बोलण्यासाठी घ्या.