एका जमिनीवर अनेक मैदानं

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं की आषाढात पिरंगुटपासून पावसाचा नूरच बदलतो. हा मुळशी तालुका. इथेच लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठं आहेत. पावसाळ्याचे चार महिने उघड्या मैदानात नुसता चिखल. अशा मुलखात विद्यापीठाच्या आवारातलं बहुउद्देशीय क्रीडागृह ही चैन नव्हे, गरज आहे. आणि माझ्या मते ते मोठं नवलही आहे.

अशा क्रीडागृहात शिरलात की आधी खाली बघा. लाकडी जमिनीवर रंगीत रेघांचं जाळं दिसेल. बास्केटबॉलचं २८ बाय १५ मीटरचं मैदान, त्याच्या पोटात व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, आणि आडवी मांडलेली बॅडमिंटनची कोर्टं, प्रत्येक १३.४० बाय ६.१० मीटर. पाहणाऱ्याला गोंधळ वाटतो, पण खेळात रंगलेल्या मुलीला फक्त आपल्याच रंगाची रेघ दिसते. छप्पर किती उंच हे मात्र व्हॉलीबॉल ठरवतो: बास्केटबॉलला सात मीटर पुरतात, तर मोठ्या व्हॉलीबॉल स्पर्धांना साडेबारा लागतात. तेही मधे एकही खांब न घेता, लोखंडी कैच्यांवर.

खरी करामत जमिनीच्या आत आहे. उडी मारून खाली येणाऱ्या गुडघ्याला ती मऊ लागली पाहिजे आणि चेंडूला कडक. युरोपीय मानकानुसार अशा जमिनीने धक्क्याचा किमान पाव हिस्सा स्वतः गिळायचा, पण चेंडू मात्र काँक्रीटवर उसळतो त्याच्या निदान ९० टक्के उसळवायचा. एकाच लाकडाला हे दोन्ही जमतं कसं? वरच्या पट्ट्यांखाली आडव्या लाकडी तुळया असतात, त्यांच्याखाली रबराच्या गाद्या. साठ किलोचं माणूस आदळलं की हा सगळा सांगाडा काही मिलीमीटर लवतो. चेंडू जेमतेम सहाशे ग्रॅमचा, त्यात क्षणभरच टेकणारा. जमीन लवायच्या आत तो वर गेलेलाही असतो.

आता यात मुळशीचा पाऊस आणा. लाकूड मेलं तरी हवेतला ओलावा पितं आणि रुंदीत फुगतं. समजा जमीन २० मीटर रुंद आहे आणि पट्टी ५७ मिलीमीटरची. म्हणजे साधारण ३५० पट्ट्या. प्रत्येक पट्टी फक्त ०.१ मिलीमीटर, केसाच्या जाडीएवढी, फुगली तरी बेरीज साडेतीन सेंटीमीटर होते! एवढ्या लाकडाला सरकायला वाव मिळाला नाही तर जमीन मधेच पोटासारखी वर येईल. म्हणून भिंतीला लागून मुद्दाम फट सोडतात आणि ती पट्टीने झाकतात. शिवाय आतली हवा फिरती ठेवून कोरडी राखावी लागते. पण बॅडमिंटन सुरू झालं की वाऱ्याची झुळूकही नको, कारण १६ पिसांचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं. या खेळाचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या पुण्यातच बांधले. काही काळ त्याला ‘पूना’च म्हणत.

मुळशीच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीला, हीच कला मोठ्या प्रमाणावर दिसते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत बॅडमिंटनपटू सायना नेहवालने पुण्यातच सुवर्णपदक घेतलं. आणि त्याच क्रीडानगरीत छपराखाली कबड्डीही घुमते. तांबड्या मातीतला हा खेळ लाकडावर येतो तो मॅटवर बसून: कोड्यासारखे एकमेकांत अडकणारे तुकडे जोडत गेलं की पुरुषांसाठी १३ बाय १० मीटरचं मैदान तयार होतं. खालच्या सगळ्या रेघा तेवढ्यापुरत्या झाकल्या जातात. सामना संपला की पोरं तुकडे उचलून रचतात, बास्केटबॉलची कमान पुन्हा दिसू लागते, आणि भिंतीकडेच्या पट्टीआड ती फट आषाढातल्या ओलाव्याने थोडी अरुंद झालेली असते.