बिल खरे, पण माल आला का?

खरेदीवर भरलेल्या कराची वजावट विक्रीवरील करातून मिळणे, हा मूल्यवर्धित कराचा गाभा आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून 'व्हॅट' लागू झाला, तेव्हा व्यापाऱ्यांना ही सवलत 'सेट-ऑफ' या नावाने परिचित झाली. १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंसाठी वस्तू व सेवा कर (जीएसटी) आला, तरी वजावटीचे तत्त्व तेच राहिले. त्याचबरोबर पुराव्याची जबाबदारीही व्यापाऱ्यावरच राहिली.

केवळ बिल दाखवून आणि धनादेशाने पैसे चुकते करून वजावट पक्की होते, असा अनेकांचा समज असतो. कर्नाटकातील व्हॅटसंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हा समज खोडून काढला. माल प्रत्यक्ष हाती आल्याचे खरेदीदाराने सिद्ध केले पाहिजे. त्यासाठी वाहनाचा तपशील, वाहतूक भाडे, मालाची पोच असे पुरावे लागतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. विक्रेत्याने कर सरकारी तिजोरीत भरलेला असणे, ही महाराष्ट्राच्या व्हॅट कायद्यातील अटही मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरविली होती. जीएसटी कायद्यातही तशीच अट आहे.

दावा फेटाळला गेल्यास किती भुर्दंड पडतो? समजा, १० लाख रुपयांच्या खरेदीवर १८ टक्क्यांप्रमाणे १ लाख ८० हजारांची वजावट घेऊन वापरली आणि ती वर्षभराने नामंजूर झाली. हा कर परत भरावा लागेलच. शिवाय वार्षिक १८ टक्के दराने ३२,४०० रुपये व्याज आणि १० टक्के, म्हणजे १८ हजार रुपये दंड. एकूण २ लाख ३० हजार ४०० रुपये. फसवणूक किंवा जाणूनबुजून केलेली लपवाछपवी आढळल्यास दंड कराइतकाच होतो आणि आकडा ३ लाख ९२ हजार ४०० वर जातो.

चूक वेळीच मान्य केल्यास मात्र दिलासा मिळतो. २०२४-२५ आणि त्यानंतरच्या वर्षांसाठी, फसवणुकीचा आरोप नसेल तर नोटीस जारी झाल्यापासून ६० दिवसांत कर व व्याज भरल्यास दंड माफ होतो. फसवणुकीच्या प्रकरणात याच मुदतीत कर, व्याज व कराच्या २५ टक्के दंड भरून प्रकरण मिटविता येते.

सावधगिरीचा मार्ग साधा आहे. दरमहा 'जीएसटीआर-२ बी' विवरणाशी खरेदीची नोंद ताडून पाहावी. ई-वे बिल, लॉरी रसीद, पोच आणि बँकेचा उतारा बिलासोबतच जपावा. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळणे कायद्याने बंधनकारक आहे. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त माल देणाऱ्या अनोळखी विक्रेत्याचे बिल घेण्यापूर्वी त्याची नोंदणी तपासून पाहावी. त्याने बुडविलेल्या कराचा भार अखेर आपल्याच माथी येऊ शकतो.