पेनीमागे दहा पौंड : समभागांच्या भावावरील पैज

ब्रिटनमध्ये ‘स्प्रेड बेटिंग’ या नावाने चालणाऱ्या व्यवहारात समभाग विकत घेतला जात नाही. त्याचा भाव वर जाईल की खाली यावर पैज लावली जाते आणि भाव जितका सरकेल त्या प्रमाणात नफा किंवा तोटा पदरी पडतो. स्टुअर्ट व्हीलर यांनी १९७४ मध्ये लंडनला आयजी इंडेक्स ही कंपनी काढली, तेव्हा परकीय चलनावरील निर्बंधांमुळे सामान्य ब्रिटिश नागरिकाला सोन्यात गुंतवणूक करणे अवघड होते, आणि सोने हाती न घेता त्याच्या भावावर पैज लावणे ही त्यातून काढलेली वाट होती. निर्बंध १९७९ मध्ये उठले. पैज मात्र टिकली आणि समभागांपर्यंत पसरली. या व्यवहारातील नफ्यावर सामान्यतः भांडवली नफ्याचा कर लागत नाही आणि समभाग खरेदीवरील अर्धा टक्का मुद्रांक शुल्कही भरावे लागत नाही. या सवलतीचे कौतुक जरा जास्तच होते, कारण ज्याला नफाच होत नाही त्याला करमाफी निरुपयोगी असते आणि पैजेतील तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा करून घेता येत नाही.

समजा, एखाद्या समभागाचा बाजारभाव ५०० पेन्स आहे आणि कंपनी त्यावर ४९९–५०१ असे दोन दर देते. तेजीची अपेक्षा असणारा ५०१ ला ‘खरेदी’ करतो, मंदीची अपेक्षा असणारा ४९९ ला ‘विक्री’ करतो, आणि या दोन दरांमधील अंतर, म्हणजेच स्प्रेड, ही कंपनीची कमाई असते. नवख्याने दर पेनीमागे १० पौंड लावून खरेदी केली व बाजारभाव २० पेन्सने वाढला, तर सौदा ५१९ ला मिटून त्याला १८० पौंड मिळतात. भाव तेवढाच घसरला, तर सौदा ४७९ ला मिटतो आणि २२० पौंड जातात.

खरा धोका मात्र स्प्रेडमध्ये नसून ‘१० पौंड’ या किरकोळ वाटणाऱ्या आकड्यात दडलेला असतो. पेनीमागे १० पौंड याचा अर्थ ५,०१० पौंडांच्या समभागांची जोखीम अंगावर घेणे असा होतो, आणि त्यासाठी अनामत म्हणून, म्हणजे मार्जिन म्हणून, फक्त वीस टक्के, सुमारे १,००२ पौंड, भरावे लागतात. त्यामुळे भावातील चार टक्क्यांच्या घसरणीने मार्जिनचा बावीस टक्के भाग नाहीसा होतो. सौदा रात्रभर उघडा ठेवल्यास आकारले जाणारे व्याजही मार्जिनवर नव्हे, तर संपूर्ण रकमेवर मोजले जाते. ठरावीक भावाला सौदा आपोआप मिटवणारा ‘स्टॉप लॉस’ लावता येतो. परंतु वाईट बातमीनंतर बाजार एकदम खालच्या भावाला उघडला, तर तो त्या खालच्याच भावाला लागू होतो, आणि ठरलेल्या भावाची हमी हवी असल्यास वेगळे शुल्क मोजावे लागते.

जानेवारी २०१५ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने युरोशी असलेली फ्रँकची मर्यादा अचानक काढून टाकली, तेव्हा फ्रँकच्या उसळीत सापडलेल्या अनेक खातेदारांचा तोटा खात्यातील रकमेपलीकडे गेला व ते कंपन्यांचे देणेकरी झाले. आता किरकोळ ग्राहकाला शिलकीपेक्षा अधिक तोटा सोसावा लागणार नाही, असे बंधन कंपन्यांवर आहे. खात्यातील रक्कम आवश्यक मार्जिनच्या निम्म्यावर आली की सौदे मिटवावे लागतात आणि किती टक्के ग्राहकांना तोटा होतो हे प्रत्येक कंपनीला जाहिरातीतच सांगावे लागते. हे प्रमाण बहुतेक ठिकाणी निम्म्याहून बरेच जास्त असते.

भारतात पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार रद्दबातल ठरतो, आणि शेअर बाजाराबाहेर केवळ भावफरकावर चालणारे ‘डबा ट्रेडिंग’ हा गुन्हा आहे. भारतात बसून परदेशी कंपनीकडे खाते उघडणेही सरळ नाही. परदेशात मार्जिन भरण्यासाठी उदारीकृत प्रेषण योजनेखाली पैसे पाठवण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.